पिचर करू की राइट फिल्डलाच राहू देऊ? तेरा वर्षांच्या सॉफ्टबॉल खेळाडूच्या आईचं पत्र

प्रश्न: नमस्कार मॅडम. माझी मुलगी १३ वर्षांची आहे, आठवीत. सहावीपासून शाळेत सॉफ्टबॉल खेळते, त्याआधी खो-खो खेळायची, आता खो-खो बंद केलाय. अंगाने उंच आणि काटक आहे. मागच्या वर्षी जिल्ह्याच्या मॅचेसना शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या जागेवर, खेळली. यंदा सरांनी नवीन आलेल्या मुलीला शॉर्टस्टॉप दिलं आणि हिला राइट फिल्डला, म्हणजे फर्स्ट बेसच्या मागे लांब, टाकलं, तेव्हापासून घरी गप्प गप्प असते. तिचे बाबा म्हणतात की पिचर (बॅटरला बॉल टाकणारी) झाली तर सिलेक्शन पक्कं, म्हणून यूट्यूब बघून घरामागे रोज शंभर-दीडशे बॉल टाकून घेतात. महिनाभरापासून तिचा उजवा खांदा पुढच्या बाजूने दुखतो, बाम लावते आणि परत टाकते. सरांशी बोलू का? शहरातल्या क्लबला घालू का? आणि बाबा तिला महागातली बॅट घ्यायची म्हणतायत, ती घ्यावी का?
— एक आई, जळगाव जिल्हा

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी खांदा, बाकीचं सगळं नंतर. आजपासून पिचिंग बंद. कमी करा असं म्हणत नाहीये मी, पूर्ण बंद, आणि या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना किंवा खेळाडूंबरोबर काम करणाऱ्या फिजिओला दाखवा. महिनाभर दुखतंय आणि बाम लावून परत टाकतेय, हे वाचून मला फार काळजी वाटली. १३ व्या वर्षी हाडांची टोकं अजून वाढत असतात, त्या वयात रोज तोच ताण त्याच जागी पडत राहिला की दुखणं कायमचं घर करून बसतं. रात्री झोपेत दुखत असेल, हात डोक्याच्या वर नेताना कळ येत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर आठवडाही थांबू नका, उद्याच जा.

आपल्याकडे एक समज फार पक्का आहे की सॉफ्टबॉलची पिचिंग खालून असते, हात नैसर्गिक फिरतो, म्हणून कितीही टाकलं तरी चालतं. हे खरं नाही. विंडमिल पिचिंगमध्ये हात पूर्ण गोल फिरून खाली येतो आणि बॉल सुटायच्या जरा आधी त्या सगळ्या वेगाला सांभाळायचं काम दंडाचा पुढचा स्नायू, म्हणजे बायसेप्स, आणि त्याचा खांद्यापाशी जोडलेला भाग करतो. मोजमाप केलेल्या अभ्यासांत हा ताण बेसबॉलमध्ये वरून फेकणाऱ्या पिचरच्या तोडीचा निघालाय, आणि तुमची मुलगी म्हणते ना की पुढच्या बाजूला दुखतं, ती नेमकी तीच जागा आहे. अमेरिकेतल्या स्पोर्ट्स मेडिसिनवाल्या डॉक्टरांच्या गाइडलाइनमध्ये १३-१४ वर्षांच्या मुलींसाठी एका मॅचला साधारण ८० पिचची मर्यादा सांगितलीय, आणि तीही व्यवस्थित शिकलेल्या, वॉर्मअप केलेल्या मुलीसाठी. तुमच्याकडे रोज शंभर-दीडशे होतायत, सुट्टी नाही, टेक्निक बघायला कोणी नाही. तिच्या बाबांचा हेतू चांगलाच आहे हो, त्याबद्दल मला शंका नाही, पण हे थांबायला हवं.

आता कोणी म्हणेल की जपानच्या युकिको उएनोने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत ४१३ पिच टाकून गोल्ड आणलं, मग? तर ती तेव्हा २६ वर्षांची पूर्ण वाढलेली, वर्षानुवर्षं तयारी केलेली खेळाडू होती. आणि त्याच जपानने टोकियोला काय केलं ते पण बघा, २०२१ ची फायनल, समोर अमेरिका, उएनो ३९ वर्षांची, तिने सुरुवात केली, मग मध्ये २० वर्षांची मिऊ गोतो आली, आणि शेवटच्या इनिंगला उएनो परत आली आणि २-० ने जिंकले. सुरुवातीच्या टीममधली खेळाडू एकदा बाहेर जाऊन परत येऊ शकते हा नियम शाळेच्या मॅचलाही आहे, पण आपल्याकडे तो वापरायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही, एकच पोरगी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिन्ही मॅच टाकते आणि सगळे तिला शाबासकी देतात. मला हे बघवत नाही.

आता बाबांचं गणित, की पिचर झाली की सिलेक्शन पक्कं. पिचर महत्त्वाची असते यात वाद नाही, पण प्रत्येक शाळेतली सगळ्यात उंच मुलगी पिचरच केलेली असते, त्यामुळे ट्रायलला सगळ्यात लांब रांग पिचरचीच लागते आणि त्यातल्या बऱ्याच जणींना पिचिंग सोडून दुसरं काहीच येत नसतं. सिलेक्टर जेव्हा टीम लावायला बसतो तेव्हा त्याला नऊ जागा भरायच्या असतात आणि बॅटिंगही नऊच जणींनी करायची असते. पिचरची बॅट चालत नसेल तर तिच्या जागी डीपी लावता येते, म्हणजे बॅटिंग एक करते आणि फिल्डिंग दुसरी, पण ही सोय एकीपुरतीच आहे. बाकीच्यांना बॅट चालवायलाच लागते. म्हणून जी मुलगी इनफिल्डची (बेसजवळची) एक आणि आउटफिल्डची (मागची, लांबची) एक अशा दोन जागा नीट सांभाळते आणि बंट (बॅट न फिरवता बॉल हलका जवळच पाडणं) आणि हिट दोन्ही करते, तिचं नाव लिस्टमधून काढणं अवघड जातं. तुमची मुलगी शॉर्टस्टॉपला खेळून आलीय आणि आता राइट फिल्डला आहे, म्हणजे तिच्याकडे हे आपोआप येतंय, फक्त घरात कोणी तिला ते असं सांगितलेलं नाही.

राइट फिल्डबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण तुमच्या पत्रातली खरी खुपणारी गोष्ट तीच आहे. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ज्याला काही येत नाही त्याला लांब उभं करतात, तीच समजूत आपण सॉफ्टबॉललाही लावतो. पण सॉफ्टबॉलचं मैदान लहान असतं, बॅटरला धावत गाठायचे फर्स्ट, सेकंड, थर्ड हे बेस एकमेकांपासून ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर फक्त. त्यामुळे राइट फिल्डर पुढे सरकून उभी असेल, फर्स्ट आणि सेकंडच्या मधून कडक ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा बॉल) निघाला आणि तिने तो पळत येऊन उचलून थेट फर्स्टला मारला तर बॅटर आउट होते! बेसबॉलमध्ये हे क्वचित दिसतं, सॉफ्टबॉलमध्ये जागरूक राइट फिल्डर असेल तर नेहमी होऊ शकतं. दुसरं म्हणजे शॉर्टस्टॉप किंवा थर्डवरून फर्स्टला जाणारा प्रत्येक थ्रो, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, तिने मागे धावत जाऊन बॅकअप करायचा असतो. अंडर-१४ ला फर्स्टवरचे थ्रो किती सुटतात ते तुम्ही मॅचला बघितलंच असेल, बॉल मागे लांब जातो आणि बॅटर आरामात सेकंड-थर्ड गाठते. हे अडवणारी एकच मुलगी असते मैदानात.

आणि अजून एक, समोरची पिचर वेगवान असली की बॅटर उशिरा बॅट फिरवतात, आणि उजव्या हाताने खेळणारी मुलगी उशिरा फिरवते तेव्हा बॉल जातो राइट साइडला. म्हणजे तुमच्या टीमची पिचर जितकी फास्ट तितकं राइट फिल्डला काम जास्त. त्यात तो बॉल सरळ येत नाही, फाउल लाइनकडे वळत जातो, तो वाचायला शिकणं ही खरी कला आहे. तिला सांगा की डोक्यावरून जाणारा बॉल दिसला की पहिलं पाऊल मागे टाकायचं, पुढे नाही, आणि वळून, बॅटरकडे पाठ करून धावायचं, उलटं उलटं चालत जायचं नाही. पुढे येणं केव्हाही सोपं, मागे जाताना वेळ जातो. एवढं एक पाऊल सुधारलं तरी महिनाभरात फरक दिसतो.

सरांनी तिला का हलवलं असेल? मला माहीत नाही, पण शॉर्टस्टॉपला काय लागतं ते सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. १३-१४ वर्षांची मुलगी बॅट लागल्यापासून फर्स्टपर्यंत साधारण साडेतीन सेकंदात पोचते, चपळ असली तर त्याच्याही आत. तेवढ्या वेळात शॉर्टस्टॉपने बॉलपर्यंत जायचं, उचलायचा, ग्लोव्हमधून हातात घ्यायचा, फेकायचा आणि तो तिथे पोचायचा. बॉल एकदा हातातून निसटला की बॅटर सेफ, विषय संपला. म्हणून तिथे नुसती हाताची ताकद कामाची नाही, पायांची चलाखी आणि ग्लोव्हमधून बॉल काढून सोडायचा वेग लागतो. उंच, भराभर वाढणाऱ्या मुलींचं या वयात असं होतं की एका वर्षात पाय लांब होतात आणि खाली वाकून चालणं जड जातं, मागच्या वर्षी सहज उचलला जाणारा ग्राउंडर यंदा पायातून निघून जातो. यात तिची काहीच चूक नसते, वर्ष-दीड वर्षात शरीर परत ताळ्यावर येतं. तुमच्या मुलीचं असं झालं असू शकतं, किंवा तिचा थ्रो लांबचा असेल म्हणून सरांना ती आउटफिल्डला हवी असेल. हे सरांनाच विचारायला लागेल.

एकूणच कोणती मुलगी कुठे, हे चौदा वर्षांच्या आत पक्कं करूच नये असं माझं ठाम मत आहे. या वयात मुलगी वर्षभरात दोन-तीन इंच वाढू शकते, ठेंगणी म्हणून सेकंडला उभी केलेली पोर दहावीत सगळ्यात उंच निघते. पण कल बघता येतो. बॅटरने बंट केला की धाडकन पुढे धावत येणारी, अंगावर येणाऱ्या बॉलला डोळे न मिटणारी मुलगी थर्डला शोभते. फर्स्टला उंची आणि डावा हात दोन्हीचा फायदा होतो, पण त्याहून जास्त लागतो खराब थ्रो जमिनीवरून खणून काढायचा संयम. सेकंड ही डोकं चालवायची जागा आहे, बंट पडला की फर्स्टची मुलगी पुढे येते आणि फर्स्ट कव्हर करायला सेकंडवाली धावते, हे ज्या मुलीला न सांगता कळतं तिला तिथे ठेवा. सेंटर फिल्डला सगळ्यात वेगात धावणारी आणि मोठ्याने ओरडून कॅच मागणारी. मुलगी डावरी असेल तर फर्स्ट, आउटफिल्ड, पिचिंग यांचा विचार करावा, शॉर्ट-थर्डला तिला प्रत्येक थ्रोसाठी अंग फिरवायला लागतं आणि त्यात बॅटर पोचून जाते.

कॅचरबद्दल, म्हणजे बॅटरच्या मागे बसून बॉल घेणारीबद्दल, कोणीच विचारत नाही आणि मला त्याचं नेहमी वाईट वाटतं. सगळं मैदान समोर दिसणारी एकटी खेळाडू ती असते. रनरला पिचरच्या हातातून बॉल सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही, त्यामुळे स्टील (पिच पडताना रनरने पळून पुढचा बेस गाठणं) झाली की सगळी शर्यत कॅचरच्या थ्रोवर येते, होमपासून, म्हणजे बॅटर उभी असते तिथून, सेकंडपर्यंत जवळपास २६ मीटर, बसलेल्या अवस्थेतून उठून. जिल्ह्याला चांगली कॅचर मिळणं फार दुर्मिळ असतं. तुमच्या मुलीचा थ्रो चांगला असेल आणि ती मैदानात बोलती असेल तर खांदा पूर्ण बरा झाल्यावर सरांना म्हणा की प्रॅक्टिसमध्ये कधीतरी तिला मास्क, चेस्ट गार्ड, लेग गार्ड घालून बसवून बघा. पण रोज नको, कारण तिथे गुडघ्यांवर भार येतो.

आता घरी काय करायचं ते. खांदा बरा होईपर्यंत फेकायचं काहीच नाही, पण पायांना आणि डोळ्यांना सुट्टी द्यायची गरज नाही. भिंतीवर टेनिस बॉल तुम्ही मारा किंवा धाकट्या भावंडाला मारायला सांगा आणि तिने ग्लोव्ह न घालता दोन्ही हातांनी तो खालून घ्यायचा. ढुंगण खाली, छाती पुढे, हात शरीराच्या पुढे, आणि बॉल लागताना हात थोडे मागे यायला हवेत, कोणी अंडं फेकलं तर ते आपण जसं झेलू तसं. सुरुवातीला समोरून, मग उजवीकडे, मग डावीकडे. दिवसाला पंधरा मिनिटं बास. हे रोज केलं ना तर शॉर्टस्टॉपला परत जायचा रस्ता इथूनच आहे. आणि खो-खो का बंद केलात हो? परत सुरू करा, डॉक्टर हो म्हणाले की. खाली वाकून बसणं, एका क्षणात दिशा बदलणं, पहिल्या तीन पावलांत वेग घेणं, हे सगळं खो-खोत आहे आणि इनफिल्डला नेमकं हेच लागतं, आपल्याकडच्या मुलींना हा फायदा आयता मिळालेला असताना तो सोडून देऊ नका. शिवाय वेगवेगळे खेळ खेळणाऱ्या मुलीच्या एकाच सांध्यावर भार येत नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिली की थ्रो नव्याने शिकायचा, अगदी जवळून, पाच-सहा मीटरवरून. सॉफ्टबॉलचा बॉल १२ इंच घेराचा, वजनाला १८० ते २०० ग्रॅमच्या आसपास, लहान हातात तो नीट मावत नाही म्हणून मुली तो तळव्यात दाबून धरतात आणि फेकायच्या ऐवजी ढकलतात. बोटांनी धरायचा, शिवणीवर आडवी बोटं, हात लहान असेल तर दोनच्या ऐवजी तीन बोटं वर ठेवली तरी चालतं, आणि तळवा व बॉल यांच्यामध्ये थोडी जागा दिसली पाहिजे. डावा खांदा टार्गेटकडे, कोपर खांद्याच्या खाली पडू द्यायचं नाही, पाऊल टार्गेटकडेच. मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढा आणि कोपर कुठे आहे तेवढंच बघा, एका वेळी एकच गोष्ट. दहा गोष्टी एकदम सांगितल्या की मूल गोंधळतं आणि रडायला लागतं.

बॅटिंगला तर घराइतकी चांगली जागा नाही. जुन्या मोज्यात टेनिस बॉल घालून दोरीने आंब्याच्या फांदीला किंवा गच्चीतल्या हुकाला कमरेच्या उंचीवर टांगा आणि मारू द्या. किंवा पीव्हीसी पाइपच्या तोंडावर सायकलच्या रबरी ट्यूबचा तुकडा बसवा, झाली टी (बॉल ठेवून मारायचा स्टँड) तयार. तिचे बाबा तिरकं, बाजूला बसून खालून हळू बॉल टाकू शकतात, चार-पाच मीटरवरून, जुने टेनिस बॉल चालतील. रोज पन्नास स्विंग, पण प्रत्येक स्विंगच्या आधी पाय नीट लावून. बॅट फिरवतानाही खांदा दुखला तर तेही थांबवायचं. आणि बंट, बंट, बंट. आपल्याकडे बंट म्हणजे घाबरटपणा समजतात पण अंडर-१४ ला जी मुलगी थर्डच्या लाइनवर बॉल मऊ टाकून धावते तिला आउट करताना समोरची अख्खी इनफिल्ड गडबडते. पळताना फर्स्टवर उडी मारायची नाही, थांबायचंही नाही, बेसवरून पुढे धावत निघून जायचं, आणि डबल बेस असेल तर बाहेरच्या केशरी अर्ध्या भागावर पाय ठेवायचा म्हणजे फिल्डरशी टक्कर होत नाही. स्लाइडिंग (बेसवर घसरत जाणं) मुरमाच्या ग्राउंडवर शिकवू नका, गुडघे सोलून निघतात आणि मग मुली जन्मभर स्लाइडला घाबरतात. शाळेत लांब उडीचा वाळूचा खड्डा असेलच, वाळू आधी खणून मोकळी करा आणि तिथे शिकू द्या.

खाण्याचं थोडक्यात. वयात येणाऱ्या मुलींमध्ये रक्त कमी असणं खूप कॉमन आहे, एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या, दम लागणं आणि उशिरा रिअ‍ॅक्ट होणं याचं कारण कधी कधी तिथे सापडतं. शेंगदाणे-गूळ, डाळी, पालेभाजी, खात असाल तर अंडी, आणि प्रॅक्टिसला जाताना पाण्याची मोठी बाटली. जळगावचं ऊन तुम्हाला मी काय सांगणार. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही ते तिला ठरवू द्या आणि त्या दिवसांत नाही आली तरी चालेल हे सरांना कळवायची जबाबदारी तुम्ही घ्या, मुली हे सरांना सांगत नाहीत आणि आळशी ठरतात.

सरांशी बोला, जरूर बोला, पण प्रॅक्टिस चालू असताना सगळ्या मुलींसमोर नको. आणि “हिला का काढलं” असं विचारलंत तर सर बचावाच्या पवित्र्यात जातील. हेच सर कबड्डी, खो-खो, अ‍ॅथलेटिक्स सगळं बघत असणार, त्यात ऑफिसची कामं वेगळी, त्यांच्यावरचा लोड आपण समजून घ्यायला हवा. विचारा की “सर, तिने कशावर काम केलं तर तुम्हाला ती परत इनफिल्डला बघायला आवडेल?” आणि शक्य असेल तर हा प्रश्न तुम्ही न विचारता तिलाच विचारू द्या, तुम्ही बाजूला उभ्या रहा. तेरा वर्षांच्या मुलीने स्वतः जाऊन सरांना असं विचारलं ना की सरांच्या डोक्यात तिची जागा बदलते, हे मी अनेक मुलींच्या बाबतीत बघितलंय. खांद्याचंही त्यांना स्पष्ट सांगा, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा. नव्या मुलीबद्दल मात्र घरात वाईट बोलू नका, ती पण कोणाची तरी लेक आहे आणि उद्या डबल प्लेला (एका बॉलवर दोन आउट) दोघींना एकमेकींकडे बॉल द्यायचाय.

क्लबचं घाईने ठरवू नका. शालेय स्पर्धा ती तिच्या शाळेकडूनच खेळणार, जिल्हा, विभाग, राज्य हा रस्ता तिथून जातो. असोसिएशनच्या सब-ज्युनियर, ज्युनियर स्पर्धा वेगळ्या, त्यासाठी क्लबचा उपयोग होतो, म्हणजे एक सोडून दुसरं असं करायची गरज नाही. सुट्टीत महिनाभर पाठवून बघा. जाऊन आधी एक तास नुसत्या बसा आणि बघा की वॉर्मअप होतो का, पिचिंग किती मुलींना शिकवतात की एकीलाच पिळतात, लहान मुलींना वेगवेगळ्या जागांवर उभं करतात का, चूक झाल्यावर कोच काय बोलतात, कसं बोलतात. मुलींसाठी स्वच्छ बाथरूम आहे का आणि संध्याकाळी परत येताना सोबत कोण असेल, हे तर मॅचच्या निकालापेक्षा महत्त्वाचं.

पिचिंग कायमचं सोडायला सांगत नाहीये. तिला स्वतःला आवडत असेल, बाबांना नाही, तिला, तर खांदा बरा झाल्यावर आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी, सुरुवातीला जवळून जाळीवर किंवा जाड पडद्यावर फक्त मनगट आणि सोडायची जागा, मग अर्धा फेरा, मग पूर्ण. मोठ्या मुलींचं पिचिंगचं अंतर १३.११ मीटर असतं, तिथपर्यंत पोचायची घाई नाही. आणि हे कोणीतरी शिकवणारं समोर असताना. बाबांना या सगळ्यातून बाजूला काढू नका, त्यांना वही द्या, किती पिच झाल्या, कुठे दुखलं का, झोप किती झाली, हे त्यांनी रोज लिहायचं. मुलीसाठी वेळ काढणारा बाप आहे, त्या वेळाचं सोनं होऊ शकतं. फक्त दहावीचे ग्रेस मार्क आणि सिलेक्शन हे शब्द तिच्यासमोर काही महिने नकोत, जेवताना तर नकोच.

राहिली बॅट. आत्ता नको. या वयात ती वर्षभरात वाढेल आणि आज घेतलेली बॅट पुढच्या वर्षी आखूड पडेल, शाळेची आहे ती चालवा. वजन बघायला सोपा उपाय म्हणजे दुखत नसलेल्या हाताने बॅट मुठीजवळ धरून समोर आडवी धरायला सांगा, पंधरा-वीस सेकंदांच्या आत हात खाली यायला लागला तर ती तिला जड आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर तिचा स्वतःचा ग्लोव्ह घ्या, उजव्या हाताने फेकते म्हणजे डाव्या हातात घालायचा, ऑनलाइन मागवताना इथेच लोक चुकतात. शाळेचे ग्लोव्ह दहा हातांतून फिरून सैल झालेले असतात आणि आउटफिल्डला बॉल त्यातून निसटतो. तिला बरोबर घेऊन जा, बोटं आतपर्यंत जातायत का आणि एका हाताने मिटतोय का ते तिलाच बघू द्या. नवीन चामडं कडक असतं, त्यात बॉल ठेवून रात्री दोरीने बांधून ठेवायचा आणि संध्याकाळी तुम्ही हळू बॉल टाकून तिला त्यात घ्यायला लावायचं, दोन-तीन आठवड्यांत हाताला बसतो. डॉक्टर काय म्हणाले ते मात्र मला कळवा, त्यावरून पुढचं ठरवू.